एका लंगड्या गाईवरून: सू लोकांच्या लढाया समजून घेताना

१८५४ चा ऑगस्ट महिना. आजच्या अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात फोर्ट लॅरमी नावाचं लष्करी ठाणं होतं आणि त्याच्या जवळच लकोटा लोकांची (सू लोकांचाच एक भाग) तंबूंची भली मोठी वस्ती पडली होती, हजारो माणसं, सरकारकडून दरवर्षी जो माल मिळायचा त्याच्या वाटपाची वाट बघत बसलेली. बाजूलाच पश्चिमेकडे जाणारा रस्ता. त्यावरून मॉर्मन पंथाच्या लोकांच्या बैलगाड्यांचा तांडा चालला होता, त्यातली एक पाय धरलेली गाय मागे पडली, भरकटली आणि वस्तीत घुसली. हाय फोरहेड नावाच्या एकाने ती मारली. खाल्ली पण. गाईचा मालक ठाण्यात जाऊन रडला की माझी गाय मारली.

आता यात युद्ध होण्यासारखं काय आहे? काहीच नाही. वस्तीचा मुखिया कॉन्करिंग बेअर स्वतः ठाण्यात गेला, म्हणाला की बाबा माझ्याकडचं जनावर घे आणि मिटव. मालक अडून बसला, त्याला २५ डॉलर रोख हवे होते. दुसऱ्या दिवशी ग्रॅटन नावाचा पोरगेला लेफ्टनंट, नुकताच वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेला, २९ सैनिक आणि दोन तोफा घेऊन वस्तीवर गेला. सोबतचा दुभाष्या दारू पिऊन तर्र, वाटेतच शिव्या द्यायला लागलेला. ग्रॅटनचं म्हणणं एकच, ज्याने गाय मारली त्याला माझ्या हवाली कर. मुखिया परत परत सांगतोय की तो आमच्यातला नाही, तो मिनिकोंजू, म्हणजे दुसऱ्या गटातला आहे, आमच्याकडे पाहुणा आलाय, मी त्याला असं उचलून देऊ शकत नाही. बराच वेळ घोळ चालला, मग गोळ्या सुटल्या, कॉन्करिंग बेअर पडला (त्यातच पुढे मेला) आणि थोड्याच वेळात ग्रॅटन, त्याचे सैनिक आणि तो दुभाष्या, कोणीच उरलं नाही.

मी सू लोकांच्या लढायांबद्दल कोणाला सांगायला बसलो की कस्टरपासून, म्हणजे १८७६ मध्ये त्यांच्याशी लढताना मेलेल्या प्रसिद्ध अमेरिकन अधिकाऱ्यापासून, सुरू करत नाही, या गाईपासून करतो. कारण पुढच्या छत्तीस वर्षांत जे झालं त्याचं बी इथे स्पष्ट दिसतं. मुखिया म्हणतोय माझा त्याच्यावर हुकूम चालत नाही, समोरच्या अधिकाऱ्याला ते पटतच नाहीये. त्याच्या डोक्यात मुखिया म्हणजे कर्नलसारखा कोणीतरी, हुकूम दिला की खालच्याने ऐकायचं. बरं हा गैरसमज एकट्या ग्रॅटनचा नव्हता. तीन वर्षं आधी, १८५१ मध्ये, फोर्ट लॅरमीचा पहिला तह झाला तेव्हा सरकारी माणसांना सही करायला एकच कोणीतरी हवा होता, म्हणून त्यांनीच कॉन्करिंग बेअरला 'सगळ्या सूंचा प्रमुख' करून टाकलं होतं. त्याला स्वतःला ते नको होतं. त्याच्या लोकांनाही असला कोणी प्रमुख असतो हे माहीत नव्हतं.

तर आधी हे लोक कोण ते बघू. इंग्रजीत या नावाच्या शेवटी एक्स लिहितात पण तो उच्चारत नाहीत, नुसतं 'सू'. मी कित्येक वर्षं 'सिऑक्स' वाचत होतो, असो. नाव त्यांचं स्वतःचं नाही, शेजारच्या ओजिब्वे लोकांनी ठेवलेलं, फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते आपल्या पद्धतीने लिहिलं आणि शेवटी त्याची नुसती शेपटी उरली. ते स्वतःला बोलीनुसार लकोटा किंवा डकोटा म्हणतात, अर्थ साधारण 'आपली माणसं, सोबती'. सगळे मिळून ओचेती शाकोविन, म्हणजे सात शेकोट्या. पूर्वेकडचे डकोटा आजच्या मिनेसोटात, मधले यँक्टन आणि यँक्टनाई, आणि पश्चिमेच्या गवताळ मैदानावरचे लकोटा. पिक्चरमध्ये घोड्यावर पिसं लावून दिसतात ते बहुतेक हे लकोटा. त्यांच्यातच परत सात गट, ओग्लाला, सिचांगू (ज्यांना फ्रेंच 'ब्रूले' म्हणायचे), हंकपापा, मिनिकोंजू वगैरे. सिटिंग बुल हंकपापा, क्रेझी हॉर्स आणि रेड क्लाउड ओग्लाला. या सगळ्यांचा मिळून राजा नाही, सेनापती नाही. मोठी माणसं असायची, त्यांचा शब्द वजनदार असायचा, पण तुम्हाला नाही पटलं तर तुम्ही तुमचा तंबू उचलून दुसऱ्या गटाकडे जाऊ शकत होतात. कोणी अडवायचं नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी हल्ली सहानुभूतीच्या भरात लोक गाळतात. हे लोक काही अनादि काळापासून त्या मैदानात शांतपणे बसलेले नव्हते. सतराव्या शतकात ते आणखी पूर्वेला होते, मिनेसोटाच्या जंगल-तळ्यांच्या भागात. ओजिब्वे लोकांशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या मारामारी आणि ओजिब्वेंना फ्रेंचांकडून बंदुका आधी मिळालेल्या. त्यातले बरेचजण पश्चिमेला सरकले, तिकडे बायसनचे कळप होते. मग अठराव्या शतकात दक्षिणेकडून, स्पॅनिश वसाहतींमधून हातोहात येत येत घोडे पोचले आणि सगळं चित्रच बदललं. पायी शिकार करणारे लोक दोन-तीन पिढ्यांत असे घोडेस्वार झाले की शेजाऱ्यांना धडकी भरावी.

मग शेजाऱ्यांना हटवणं सुरू झालं. मिसूरी नदीकाठी अरिकारा, मंडन, हिदात्सा हे लोक मका पिकवून पक्क्या गावांत राहायचे. गाव पक्कं म्हणजे हल्ल्याला सोपं आणि रोगालाही सोपं. देवीच्या साथी आल्या, १७८० च्या सुमाराला एक, १८३७ मध्ये दुसरी, या गावांचा अक्षरशः खुर्दा उडाला, दुसऱ्या साथीत तर मंडन जवळजवळ संपलेच. लकोटा छोट्या छोट्या टोळ्यांनी फिरत असायचे म्हणून त्यांना त्यामानाने कमी फटका बसला आणि रिकाम्या झालेल्या जागेत ते पसरले. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध सरकारी मोहीम मिसूरीवरून वर निघाली तेव्हा लकोटांनी त्यांच्या होडीचा दोर धरून ठेवला, सरळ जकात मागितली. नदी आमची, जायचं तर काहीतरी टाका. दोन्ही बाजूंनी शस्त्रं रोखली गेली होती, थोडक्यात निभावलं.

ब्लॅक हिल्स, म्हणजे ज्या डोंगरांवरून पुढे सगळं रामायण झालं, तिथेही लकोटा साधारण १७७५ च्या आसपास पोचले, तिथून कायोवा दक्षिणेला गेले, शायेन आधी भांडले मग दोस्त झाले, आणि क्रो लोकांशी मात्र वैर शेवटपर्यंत राहिलं. म्हणून ब्लॅक हिल्सवर त्यांचा हक्क नव्हता असं म्हणणारे लोक भेटतात. मला तो युक्तिवाद हास्यास्पद वाटतो, कारण तह करताना अमेरिकेने हक्क मान्य केला होता, लेखी. आधी कोणाकडून घेतली हा प्रश्न सरकारला जमीन हवी झाली तेव्हाच आठवला.

लकोटांचा इतिहास लिहिण्याचा एक भारी प्रकार होता. वर्ष म्हणजे एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत, आणि प्रत्येक वर्षाचं एकच चित्र. बायसनच्या कातड्यावर ही चित्रं गोल गोल फिरत काढत जायची, ज्याच्याकडे ते कातडं असेल तो तोंडी सगळी हकिकत सांगायचा. लोन डॉग नावाच्या माणसाचं असं कातडं प्रसिद्ध आहे, १८०० पासून १८७१ पर्यंतचं. त्यातलं पहिलंच चित्र म्हणजे तीन रांगांत काढलेल्या तीस काळ्या रेघा. क्रो लोकांनी त्या वर्षी तीस माणसं मारली. दुसरं चित्र, अंगभर ठिपके असलेला माणूस, देवीची साथ. आणि १८३३ च्या हिवाळ्याला नुसते तारे, त्या नोव्हेंबरमध्ये प्रचंड उल्कावर्षाव झाला होता तो. हे कातडं बघताना एक जाणवतं की कितीतरी वर्षांची ओळख क्रो, पॉनी वगैरे लोकांशी झालेल्या झटापटींवरून ठेवलीय, गोऱ्या माणसाशी लढाई त्यात फारशी नाहीच. त्यांच्या दृष्टीने मुख्य शत्रू कोण होता हे त्यावरून कळतं.

त्यांची लढायची पद्धत समजली नाही तर पुढचं काहीच कळत नाही. साधी मोहीम म्हणजे दहा-पंधरा तरुण, एखादा अनुभवी माणूस, रात्री दुसऱ्याच्या वस्तीजवळ जायचं आणि घोडे सोडवून आणायचे. घोडा म्हणजे संपत्ती, लग्नाचा मान, शिकारीचं साधन, सगळंच. मारामारी झालीच तर त्यात मोठेपणा मारण्यात नव्हता. जिवंत, हातात शस्त्र असलेल्या शत्रूच्या जवळ जाऊन त्याला हाताने किंवा काठीने शिवायचं आणि परत यायचं, हा खरा मान. फ्रेंच शब्दावरून याला 'कू' म्हणतात. एकाच शत्रूला चौघेजण शिवू शकायचे आणि पहिल्याचा मान सगळ्यात जास्त, दुसऱ्याचा थोडा कमी, असा हिशोब, आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं, साक्षीदार लागायचे, उगाच फेकाफेकी चालायची नाही. गरुडाचं पीस त्यावरून मिळायचं. लांबून बंदुकीने कोणाला पाडलं तर त्याचं एवढं कौतुक नव्हतं.

यात क्रूरपणा नव्हता असं अजिबात नाही हं. ५ ऑगस्ट १८७३ ला नेब्रास्कामध्ये शिकारीला निघालेल्या पॉनी लोकांवर ब्रूले आणि ओग्लालांनी हल्ला केला, मेलेल्यांत बायका-मुलं भरपूर होती, त्या घळीला आजही 'मॅसॅकर कॅन्यन' म्हणतात. पण एकंदर या पद्धतीत एक गोष्ट ठरलेली होती. कोणालाही जबरदस्तीने लढायला नेता यायचं नाही. नेता म्हणजे ज्याच्या मागे लोक आपणहून जातात तो. जिंकलो, चला घरी, मांस संपलंय. महिनोन्‌महिने वेढा घालून बसणं, पाठलाग करत राहणं हा प्रकारच नाही. आणि थंडीत तर लढाई बंदच, घोडे बर्फाखालचं गवत उकरून आणि झाडांच्या साली खाऊन कसेबसे जगायचे, त्यांच्यात पळायचं त्राण नसायचं.

अमेरिकन आर्मीने हे बरोबर हेरलं. घोडेस्वाराशी उघड्यावर लढून काही उपयोग नाही, तो हाती लागत नाही. त्याची वस्ती हाती लागते. तिथे त्याची बायको-पोरं आहेत, तंबू आहेत आणि मुख्य म्हणजे हिवाळ्याचं जेवण आहे.

गाईचा बदला असाच घेतला गेला. सप्टेंबर १८५५ मध्ये जनरल हार्नी मोठी फौज घेऊन आला आणि नेब्रास्कात ब्लू वॉटर नावाच्या ओढ्याकाठी लिटल थंडर नावाच्या मुखियाच्या वस्तीवर पडला, एका बाजूने बोलणी चालू आणि दुसऱ्या बाजूने घोडदळ वळसा घालून मागे. ८६ माणसं मेली, सत्तरेक बायका-मुलं धरून नेली. गाय एक.

जेवणाचा मुद्दा मी उगाच ताणत नाहीये, एक प्रसंग बघा. सप्टेंबर १८६३, आजच्या नॉर्थ डकोटातली व्हाइटस्टोन हिल. शिकारीचा हंगाम संपत आलेला, मुख्यतः यँक्टनाई लोकांची वस्ती, बायकांनी अख्खा उन्हाळा राबून मांस सुकवलेलं. बायसनच्या मांसाचे पातळ पापुद्रे काढायचे, काठ्यांवर उन्हात वाळत घालायचे, मग ते कुटून त्यात चरबी आणि आंबट जंगली चेरी मिसळली की 'वस्ना', हे महिनोन्‌महिने टिकतं. जनरल सलीने हल्ला केला, बरीच माणसं मेली, बाकीची अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. मग फौज तिथेच थांबली आणि शंभर माणसं दोन दिवस नुसतं जाळण्याचं काम करत होती. तंबू, कातडी, भांडी, आणि ४ लाख पौंडांच्या वर सुकं मांस, म्हणजे आपल्या हिशोबात १८० टनांच्या पुढे. चरबी वितळून ओघळ वाहत होते असं वर्णन आहे. म्हणजे गोळीने मेले ते मेलेच, वाचलेल्यांची पण थंडी आणि भूक यांच्याशी गाठ घालून दिली. यातल्या बहुतेकांचा ज्या कारणासाठी ही मोहीम निघाली होती त्याच्याशी काही संबंधही नव्हता.

ते कारण म्हणजे १८६२ चं मिनेसोटातलं युद्ध. तिथल्या डकोटांनी १८५१ मध्ये प्रचंड जमीन सरकारला देऊन टाकली होती आणि त्या बदल्यात दरवर्षी पैसे मिळायचे, नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात ते उरलेले. त्यातले बरेच पैसे परस्पर व्यापाऱ्यांच्या उधारीत वळते व्हायचे, उधारीच्या वह्या अर्थातच व्यापाऱ्यांकडे. १८६१ चं पीक बुडालं, १८६२ च्या उन्हाळ्यात पैसे आलेच नाहीत कारण तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, गोदामात धान्य आहे पण पैसे आल्याशिवाय देणार नाही. मायरिक नावाचा व्यापारी म्हणाला, भूक लागली असेल तर गवत खा म्हणावं. १७ ऑगस्टला चार तरुणांनी, सुरुवात म्हणे कोंबडीच्या अंड्यांवरून झाली, पाच गोऱ्यांना मारलं आणि रात्री सगळे डकोटांचा मुखिया लिटल क्रो याच्या दारात. त्याचं खरं नाव ताओयातेदुता. तो वॉशिंग्टन बघून आलेला माणूस होता, गोऱ्यांची संख्या किती आहे हे त्याला माहीत होतं. त्याने सांगितलं की आपण हरणार आहोत, सगळे मरणार. पण तरुणांनी त्याला भित्रा म्हटल्यावर तोच पुढे झाला. परत तेच, नेता लोकांना थांबवू शकत नाही, फार तर त्यांच्याबरोबर जाऊ शकतो.

सहा आठवड्यांत सगळं संपलं. शेकडो वसाहतवाले मेले, त्यात निरपराध शेतकरी कुटुंबं खूप, ते लपवायचं कारण नाही. मायरिक पहिल्याच दिवशी मारला गेला, त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं. मग लष्करी कोर्ट बसलं, काही खटले तर अक्षरशः पाच-पाच मिनिटांत उरकले, ३०३ जणांना फाशी. लिंकनने कागद मागवून तपासले आणि बहुतेकांची फाशी रद्द केली, तरी २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो गावात ३८ जणांना एकाच वेळी एकाच मचाणावर लटकवलं. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढी फाशी परत कधी झाली नाही.

आता थोडं उलटं चित्र. सू लोकांनी एक अख्खं युद्ध जिंकलंय, आणि त्याची चर्चा कस्टरच्या मानाने काहीच होत नाही. माँटानात सोनं सापडलं, तिकडे जायचा जवळचा रस्ता, बोझमन ट्रेल, लकोटांच्या ऐन शिकारीच्या मुलखातून जायचा. (तो मुलूख त्यांनी क्रोंकडून नुकताच हिसकावलेला होता, हे पण लक्षात ठेवा.) सरकारने १८६६ मध्ये एकीकडे बोलणी लावली आणि बोलणी चालू असतानाच रस्त्यावर ठाणी बांधायला फौज पाठवली. रेड क्लाउड उठून निघून गेला. मग दोन वर्षं त्या ठाण्यातल्या माणसांना सरपण आणायला बाहेर पडणं मुश्कील करून ठेवलं.

२१ डिसेंबर १८६६ ला फोर्ट फिल कर्नीमधून लाकडं आणायला गेलेल्या गाड्यांवर हल्ला झाला. सोडवायला कॅप्टन फेटरमन निघाला, त्याला धरून ८१ माणसं. समोर थोडेसे स्वार दिसतायत, कोणी घोड्यावरून उतरून लंगडतोय, कोणी माघार घेतोय, कोणी मागे वळून चिडवतोय. नीट बघितलं तर आमिष. क्रेझी हॉर्स या आमिषवाल्यांत होता असं सांगतात. टेकडीच्या पलीकडे जायचं नाही असा वरिष्ठाचा हुकूम होता. फेटरमन गेला. पलीकडच्या उतारावर गवतात आणि घळीत लकोटा, शायेन, अरापाहो मिळून हजाराच्या वर माणसं दबा धरून. ८१ पैकी एकही परत आला नाही. गनिमी कावा म्हणतात तो हाच, आणि एवढ्या हजार माणसांपैकी एकानेही उतावीळपणा करून डाव फोडला नाही हे जास्त मोठं, कारण शिस्त लावणारा अधिकारी तिथे कोणी नव्हता.

१८६८ मध्ये सरकारने हात टेकले. ठाणी सोडली आणि लोकांनी ती जाळल्याचं कळल्यावरच रेड क्लाउड सहीला आला, नोव्हेंबर उजाडला होता. या दुसऱ्या फोर्ट लॅरमी तहात मिसूरीच्या पश्चिमेचा आजचा अख्खा अर्धा साउथ डकोटा त्यांचा, ब्लॅक हिल्ससकट. त्यात दोन कलमं अशी आहेत की ती वाचूनच पुढचं कळावं. एक, यापुढे जमीन घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील. हे चांगलं. दुसरं, रिझर्व्हेशनच्या, म्हणजे तहाने त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या, बाहेरच्या काही भागात शिकारीचा हक्क राहील, पण 'शिकार करण्याजोगे बायसन तिथे आहेत तोपर्यंत'. म्हणजे बायसन संपले की हक्क संपला. नंतरच्या पंधरा वर्षांत कातड्याच्या धंद्याने आणि रेल्वेने बायसन संपवलेच, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडचा कळपही गेला. ते तहासाठीच मारले असं मी म्हणत नाही, कातड्याला गिऱ्हाईक होतं म्हणून मारले. पण लष्करातल्या बड्या लोकांना त्याचं दुःख नव्हतं एवढं नक्की.

१८७४ मध्ये कस्टर हजारभर माणसं, वाजंत्री पथक आणि खाणतज्ज्ञ घेऊन ब्लॅक हिल्समध्ये शिरला आणि सोनं आहे अशी बातमी बाहेर आली. खाणवाले लोंढ्याने घुसले. सरकारने ६० लाख डॉलर देऊ केले, लकोटांनी नकार दिला. मग फर्मान निघालं की बाहेर फिरणाऱ्या सगळ्यांनी ३१ जानेवारी १८७६ पर्यंत एजन्सीत, म्हणजे रिझर्व्हेशनवरच्या सरकारी कचेरीत, हजर व्हा, नाहीतर शत्रू समजू. ऐन थंडीत, बर्फातून, बायका-पोरं घेऊन. कित्येकांना निरोप मिळाला तोच मुदत संपल्यावर.

त्या उन्हाळ्याची लिटल बिगहॉर्न नदीवरची लढाई सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन उरकतो. २५ जून १८७६, लकोटा त्या नदीला ग्रीसी ग्रास म्हणतात. लोकांना एकत्र आणलं ते सिटिंग बुलच्या शब्दाने आणि फौजेच्या भीतीने, सात-आठ हजारांची वस्ती असावी. एवढी माणसं आणि घोडे एका जागी जास्त दिवस राहूच शकत नाहीत, गवत संपतं. कस्टर नेमका त्या थोड्या दिवसांत आला. आपल्या सहाशेच्या आसपास माणसांचे त्याने तुकडे पाडले आणि त्याच्याबरोबरचे दोनशेहून जास्त सगळे मेले, एकूण फौजेचे २६८. पण कस्टरला वाट दाखवणारे कोण होते? क्रो आणि अरिकारा. आपल्याला ते 'फितूर' वाटतात, तर तसं नाही. ज्यांची गावं आणि शिकारीचा मुलूख लकोटांनी घेतला त्यांच्या नजरेने बघा. आणि आजही ती रणभूमी क्रो रिझर्व्हेशनच्या हद्दीत येते.

हरण्याचा हिशोब परत जेवणावरच मिटवला. वस्ती पांगली, फौज वाढली, आणि अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ठरवलं की ब्लॅक हिल्स सोडत नाही तोवर रेशन बंद. एजन्सीत बसलेल्या, म्हणजे त्या लढाईत नसलेल्या लोकांसमोर कागद ठेवला. तीन चतुर्थांश सह्या लागतात ना? दहा टक्क्यांच्या आसपास मिळाल्या. १८७७ मध्ये कायदा करून डोंगर घेतले. क्रेझी हॉर्स मे १८७७ मध्ये आला कारण त्याची माणसं उपाशी होती, सप्टेंबरमध्ये त्याला कोठडीत टाकताना झटापट झाली आणि संगीन लागून मेला. सिटिंग बुल कॅनडात गेला, तिकडेही बायसन संपत आले, १८८१ मध्ये फोर्ट बुफर्डला येऊन त्याने बंदूक ठेवली. लढाईत दोघांपैकी कोणालाच हरवलं नव्हतं.

१८८९ मध्ये उरलेलं रिझर्व्हेशन फोडून सहा तुकडे केले आणि रेशन कापलं. त्यात नेवाडातल्या वोवोका नावाच्या पाय्यूट माणसाची शिकवण पोचली, नाचा, मेलेले परत येतील, बायसन परत येतील. घोस्ट डान्स. उपाशी लोक आणखी काय करणार, नाचले. सरकारी एजंट घाबरले, फौज आली. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुलला पकडायला पाठवले तेही लकोटा पोलीसच, आणि त्यांच्याच गोळीने तो गेला. बिग फूट नावाच्या मिनिकोंजू मुखियाची टोळी घाबरून पाइन रिजकडे, म्हणजे ओग्लालांच्या रिझर्व्हेशनकडे, निघाली, तो स्वतः न्यूमोनियाने गाडीत आडवा, खोकल्यातून रक्त येतंय. वाटेत सेव्हन्थ कॅव्हलरीने गाठलं. कस्टरचीच रेजिमेंट. २९ डिसेंबरला वुंडेड नी ओढ्यावर हत्यारं काढून घेताना एक गोळी सुटली, आणि टेकडीवर लावून ठेवलेल्या चार हॉचकिस तोफा वस्तीवर चालल्या. साडेतीनशे माणसांतली अडीच-तीनशे गेली, बायका पळता पळता मैल-दीड मैलावर मेलेल्या सापडल्या. फौजेचे २५ मेले, काही आपल्याच गोळ्यांनी. मग बर्फाचं वादळ आलं, म्हणून पुरायला नवीन वर्ष उजाडलं, तोवर प्रेतं लाकडासारखी कडक झालेली. एका खड्ड्यात १४६. जवळपास २० सैनिकांना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, दिलं.

ब्लॅक हिल्सचा खटला पुढे कित्येक दशकं चालला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जमीन योग्य मोबदला न देता घेतली, व्याजासकट १० कोटी डॉलरच्या वर द्या. लोकांनी घेतले नाहीत. म्हणाले, विकलीच नाही तर पैसे कसले. ती रक्कम सरकारी खात्यात व्याजाने वाढत वाढत आता १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि पाइन रिज अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक आहे.

वुंडेड नीची ती जागा मधल्या काळात खासगी मालकीची झाली होती. २०२२ मध्ये ओग्लाला आणि शायेन रिव्हर इथल्या सू लोकांनी मिळून तिथली ४० एकर जमीन मालकाकडून विकत घेतली, ५ लाख डॉलरला. ते पैसे त्यांनी आपल्या खिशातून दिले, त्या खात्याला हात न लावता.